दमा आणि पाणी : एका समजाचा इतिहास



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजींनी आम्हांला एक सवय लावली होती. कोणताही समज स्वीकारण्यापूर्वी तो कोठून आला, हे विचारायचे. तोच प्रश्न मी आज माझ्या व्याधीविषयी विचारणार आहे.

लोधीपुऱ्यातून आम्ही मुले तापीवर राजघाटाला पोहायला जात असू. बेचाळिसाव्या वर्षी मला दमा जडला आणि पोहणे सुटले. ‘दमा दम के साथ जाता है’ ही म्हण आपल्या बऱ्हाणपुरात सर्वांना ठाऊक आहे. दमेकऱ्याने पाण्यापासून दूर राहावे, हा उपदेशही तिच्या जोडीनेच मिळाला.

हा उपदेश निराधार नाही. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील तमकश्वास म्हणजे स्थूलमानाने आपला दमा. ढगाळ हवा, पाणी, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी तो वाढतो. रोगी आडवा झाला की कासावीस होतो, उठून बसला की त्याला बरे वाटते. हे निरीक्षण आजही कोणताही दमेकरी मान्य करील. परंतु त्यापुढचा शब्द आपण विसरलो. हा रोग ‘याप्य’ आहे आणि नवा असेल तर साध्यही आहे, असे तेथे म्हटले आहे. याप्य म्हणजे समूळ न जाणारा, तरी पथ्य व औषध यांनी आटोक्यात राहणारा. म्हणीने निराशा तेवढी जपली. शास्त्राचा शब्द मागे पडला.

पश्चिमेकडे पाण्याचा विचार निराळा झाला. इंग्लंडमधील वैद्य जॉन फ्लॉयर याने १६९८ मध्ये दम्यावर ग्रंथ लिहिला. तो स्वतः दमेकरी होता, आणि थंड पाण्याच्या स्नानाचा पुरस्कर्ताही होता. व्यायामाने धाप का लागते, याचा उलगडा मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. तोंडाने भराभर घेतलेली कोरडी हवा श्वासनलिकांतील ओलावा शोषून घेते आणि त्या आवळतात. पाण्यालगतची हवा दमट असल्याने धावण्यापेक्षा पोहण्यात हा त्रास बहुधा कमी होतो. बंदिस्त तलावातील क्लोरिनयुक्त वाफ मात्र श्वासनलिकांना झोंबते, हेही सांगितले पाहिजे.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये रिक डीमाँट हा सोळा वर्षांचा अमेरिकन दमेकरी ४०० मीटर शर्यत एक शतांश सेकंदाने जिंकला. त्याच्या दम्याच्या औषधात एफेड्रिन हे निषिद्ध द्रव्य होते, म्हणून त्याचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले. हे औषध त्याने आपल्या अर्जात नमूद केले होते. त्याच्या पथकाने ती माहिती पुढे पोहोचवली नव्हती. अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने ही चूक २००१ मध्ये मान्य केली. दरम्यान १९७३ मध्ये हेच अंतर चार मिनिटांच्या आत पोहणारा तो पहिला पुरुष ठरला होता. आज श्वासावाटे घेतलेले साल्ब्युटामॉल ठरावीक मर्यादेपर्यंत खेळाडूंना चालते.

उतारवयातील स्पर्धांचा इतिहासही याच काळातला. प्रौढांची पहिली राष्ट्रीय जलतरण स्पर्धा १९७० मध्ये अमेरिकेतील अमारिलो येथे झाली आणि पहिली जागतिक स्पर्धा १९८६ मध्ये टोकियोत. पंचविशीपासून पुढे दर पाच वर्षांचा एक गट असतो, त्यामुळे साठीचा माणूस साठीच्याच माणसाशी झुंजतो.

हे सारे वाचून, डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि औषध नियमित ठेवून, मी छप्पन्नाव्या वर्षी पुन्हा पाण्यात उतरलो. दोन वर्षांनी प्रौढांच्या ५० मीटर शर्यतीत भाग घेतला आणि शेवटून दुसरा आलो. परंतु त्या अर्जात ‘दमा’ हा शब्द मी प्रथमच स्वहस्ते लिहिला. तोपर्यंत शिक्षक असूनही मी औषधाचा पंप वर्गाबाहेर जाऊन, लपून घेत असे. माझ्याच वर्गातला एक मुलगा खेळाच्या तासाला भिंतीशी बसून राही. त्याची धाप मी ओळखत होतो. माझाही पंप त्याला दिसला असता, तर कदाचित तो उठला असता. मी बोललो नाही.

त्या मौनाची ही थोडी भरपाई. विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणी तसा भिंतीशी बसत असेल, तर त्याने आजच शिक्षकांना आणि डॉक्टरांना सांगावे. याप्य हा शब्द लक्षात ठेवावा. माझा पंप येथे मेजावरच आहे.