फ्लॉजिस्टनपंतांचा हिशेब

श्रोतेहो, रसायनशास्त्राच्या दरबारांत बरींच वर्षें कारभारी म्हणून मिरविलेल्या एका गृहस्थांची हकीकत आज सांगावयाची आहे. त्यांचें नांव फ्लॉजिस्टन. आपण त्यांस फ्लॉजिस्टनपंत म्हणूं. पंतांना कोणीं कधीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें, कारण ते मुळांत अस्तित्वांतच नव्हते. तथापि युरोपांतील मोठमोठे विद्वान त्यांच्या शब्दाबाहेर नसत.

पंतांचें घराणें जर्मनीचें. जळणाऱ्या पदार्थांत एक प्रकारची स्निग्ध माती असते, असें बेखर ह्या पंडितानें १६६७ सालीं प्रतिपादिलें. पुढें श्टाल ह्या वैद्यानें तिचें ग्रीक भाषेंत बारसें केलें आणि पंत कारभारावर रुजू झाले.

त्यांचा कारभार मोठा चोख दिसे. लाकूड जळतें, म्हणजे त्यांतून पंत बाहेर पडतात. धातु तापवून त्याचें भस्म होतें, तेंही पंत निघून गेल्यामुळें. तेंच भस्म कोळशाबरोबर तापविलें कीं कोळशांतील पंत भस्मांत शिरतात व धातु पुन्हां चकाकूं लागतो. चुलींतील जळण, लोखंडाचा गंज आणि प्राण्यांचा श्वास ह्या वरकरणी निराळ्या गोष्टी पंतांच्या वहींत एकाच खात्यावर आल्या. हें श्रेय थोडें नव्हे.

परंतु तराजू पुढें आला आणि घोटाळा उघडकीस आला. धातूंतून पंत गेले, तर वजन घटावयास पाहिजे; तें उलट वाढे! कथिलाचें वजन असें वाढतें, हें झां रे ह्या फ्रेंच वैद्यानें १६३० सालींच नोंदिलें होतें. तेव्हां कांहीं अभिमानी म्हणूं लागले कीं, पंतांचें वजन शून्याहूनही कमी असलें पाहिजे.

१ ऑगस्ट १७७४ रोजीं इंग्लंडांत प्रीस्टले ह्यांनीं पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर भिंगानें सूर्यकिरण पाडले. एक वायु निघाला; त्यांत मेणबत्ती विलक्षण तेजानें जळूं लागली. प्रीस्टले ह्यांनीं त्यास 'फ्लॉजिस्टनविरहित हवा' म्हटलें. त्याच वर्षीं पॅरिस येथें त्यांनीं ही वार्ता लाव्हाझिए ह्यांस सांगितली. लाव्हाझिए ह्यांनीं सर्व कांहीं तोलून पाहिलें व दाखविलें कीं, धातु कांहीं गमावीत नाहीं. तो हवेंतील हाच वायु, म्हणजे आपला प्राणवायु, स्वतःकडे घेतो. पंतांनीं खर्चीं टाकलेली रक्कम वस्तुतः जमेची होती! १७८३ सालीं लाव्हाझिए ह्यांनीं पंतांवर उघड आरोपपत्र ठेविलें आणि थोड्याच वर्षांत पंतांस दरबार सोडावा लागला.

प्रीस्टले मात्र अखेरपर्यंत त्यांच्या बाजूनें उभे राहिले. १८०० सालींही त्यांनीं अमेरिकेंतून पंतांच्या समर्थनार्थ ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यांच्या हातून पंतांचा पाडाव करणारा पुरावा निघाला, त्यांसच तो पुरावा ओळखतां आला नाहीं.

मग लाव्हाझिए तरी निर्दोष होते काय? त्यांनीं १७८९ सालीं मूलद्रव्यांची यादी केली, तींत 'कॅलॉरिक' ह्या नांवाचें उष्णतेचें वजनरहित द्रव्य घातलें. म्हणजे एका कारभाऱ्यास काढून त्यांनीं दुसरा नेमिला होता! त्यासही एकोणिसाव्या शतकांत निरोप मिळाला.

म्हणून श्रोतेहो, पंतांस हंसूं नये. त्यांनीं वही नीट मांडून ठेविली, म्हणूनच पुढच्यांस त्यांतली चूक सांपडली. आपल्या वहींतही असा एखादा पंत असेल. त्याचा आदर अवश्य ठेवावा, पण तराजू मात्र त्याच्या हातीं देऊं नये.