चेरीच्या झाडावरचं यंत्र

एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स' या कादंबरीत मंगळावरचे जीव धातूच्या नळकांड्यांत बसून पृथ्वीवर चाल करून येतात आणि लंडनपर्यंतचा मुलूख जाळत सुटतात. १८९७ साली ती मासिकातून क्रमशः आली. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या एका वर्तमानपत्रानं घटनास्थळ बदलून ती छापली; इंग्लंडऐवजी बोस्टनचाच परिसर जळू लागला! जवळच्या वुस्टर गावी रॉबर्ट गॉडार्ड या आजारी, शाळेत मागे पडलेल्या मुलाला या कथेनं झपाटलं.

१९ ऑक्टोबर १८९९. सतरा वर्षांचा रॉबर्ट वाळक्या फांद्या छाटायला चेरीच्या झाडावर चढला. समोर शेतं पसरलेली. त्या शेतातून गरगरत उठून थेट मंगळाकडे निघालेलं एक यंत्र त्याला मनात दिसलं. कादंबरीतली नळकांडी तोफेतून डागलेली असतात. याचं यंत्र मात्र स्वतःच्या बळावर उठणारं होतं. गोफण फिरवताना हाताला ओढ बसते ना, तशी आडव्या दांड्याभोवती फिरणाऱ्या वजनाची ओढ. वजन वरून जाताना वेगानं आणि खालून जाताना सावकाश फिरवलं, की यंत्र वर खेचलं जाईल, असा त्याचा हिशेब होता.

हिशेब चुकीचा होता. एका फेऱ्यातल्या सगळ्या ओढी शेवटी एकमेकींना खाऊन टाकतात. त्यानं लाकडी नमुने केले, एकही उठेना. मग न्यूटनचा तिसरा नियम ध्यानात आला : वर जायचं तर काहीतरी खाली फेकलं पाहिजे. म्हणजेच अग्निबाण. १९ ऑक्टोबर हा दिवस मात्र तो पुढे जन्मभर डायरीत सणासारखा पाळत राहिला. मला त्या यशस्वी अग्निबाणापेक्षा हे न उडालेलं यंत्रच मोलाचं वाटतं.

या कल्पनेला खरं युद्ध लवकरच भेटलं. नोव्हेंबर १९१८ मध्ये गॉडार्ड यांनी नळीतून सुटणारा अग्निबाण लष्कराला दाखवला आणि काही दिवसांतच पहिलं महायुद्ध थांबलं. दुसऱ्या महायुद्धातल्या 'बझूका'चा तो पूर्वज. १९२० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'नं अग्रलेखात त्यांची टर उडवली : निर्वात पोकळीत अग्निबाण चालेलच कसा? चूक वर्तमानपत्राची होती आणि ती छापील कबूल व्हायला जुलै १९६९ उजाडला. चंद्राकडे माणसं निघालेली होती!

१६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न इथल्या शेतात पेट्रोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारा जगातला पहिला अग्निबाण उडाला. अडीच सेकंद, ४१ फूट. १९३२ साली गॉडार्ड यांनी वेल्सना पत्र लिहून त्या कादंबरीचं ऋण सांगितलं.

सप्टेंबर १९४४ पासून जर्मनीचे व्ही-२ अग्निबाण लंडनवर कोसळू लागले. वेल्स तेव्हा लंडनमध्येच राहत होते. व्ही-२ जर्मनांनी स्वतंत्रपणे घडवला होता, त्याचा दोष गॉडार्ड यांच्या माथी मारता येणार नाही. पण आकाशातून येऊन लंडन पेटवणाऱ्या नळकांड्या आता कागदावरच्या राहिल्या नव्हत्या.

चेरीचं झाड १९३८ च्या वादळात पडलं होतं. गॉडार्ड १० ऑगस्ट १९४५ रोजी वारले. त्यांची दोनशेंहून अधिक पेटंट्स वापरल्याबद्दल अमेरिकन सरकारनं १९६० साली दहा लाख डॉलर मोजले.