मिसाची रात्र : २५-२६ जून १९७५

हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूरपासून दिल्ली लांब आहे. पण या घटनाक्रमातले नानाजी देशमुख याच मुलखातल्या कडोळीचे. आणि त्या रात्री वापरलेला कायदाही नवा नव्हता. खटला न चालवता माणसाला स्थानबद्ध करू देणारा ‘मिसा’ संसदेने १९७१ मध्येच मंजूर केला होता.

२५ जून, सकाळ : पंतप्रधान इंदिरा गांधी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर राय यांना बोलावून घेतात. इंदिरा गांधींची निवडणूक अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जूनला रद्द ठरवली आहे. सर्वोच्च न्यायालयाने आदल्या दिवशी दिलेली स्थगिती सशर्त आहे.

सायंकाळी साडेपाचच्या सुमारास : दोघे राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना भेटतात.

संध्याकाळ : रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची सभा. २९ जूनपासून सत्याग्रह करण्याचे ठरते. तो चालवणाऱ्या लोकसंघर्ष समितीचे सचिव नानाजी.

मध्यरात्रीच्या आधी : राष्ट्रपती आणीबाणीच्या घोषणेवर सही करतात. मंत्रिमंडळाला अजून विचारलेलेही नाही.

रात्री उशिरा : बहादूरशाह जफर मार्गावरच्या वृत्तपत्र कचेऱ्यांची वीज तोडली जाते.

२६ जून, पहाटे तीनच्या सुमारास : गांधी शांती प्रतिष्ठानात जयप्रकाशांना अटक. नानाजी पोलिसांच्या हाती लागत नाहीत, भूमिगत होतात. पुढे त्यांनाही पकडले जाते.

सकाळी सहा : मंत्रिमंडळाची बैठक. सही होऊन गेली आहे. आता फक्त मान्यता द्यायची.

सकाळी आठ : आकाशवाणीवरून देशाला आणीबाणी कळते.

सकाळी दहाच्या सुमारास : संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेलेले राजापूरचे खासदार मधू दंडवते, अटलबिहारी वाजपेयी आणि लालकृष्ण अडवाणी यांना अटक.

२७ जून : जीवित व स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद.

२९ जून : वटहुकूम निघतो. आता मिसाबंद्याला अटकेचे कारणही सांगायची गरज नाही.

आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या नोंदीनुसार मिसाखाली सुमारे ३५ हजार माणसे तुरुंगात गेली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही या स्थानबद्धांसाठी दार लावून घेतले. न्या. हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले, बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. तो निकाल चुकीचा होता, हे २०१७ मध्ये त्यांचेच पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले.

इतके सगळे एका रात्रीत घडू शकले, कारण हत्यार आधीच घडवून ठेवलेले होते. १९७८ मध्ये मिसा रद्द झाला. १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला आणि बारा महिन्यांपर्यंतच्या स्थानबद्धतेची सोय पुन्हा झाली. स्थानबद्धता तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला तीन महिने डांबण्याची मुभा राज्यघटनाच देते. ही मुदत दोन महिन्यांवर आणणारी तरतूद ४४ व्या घटनादुरुस्तीत १९७८ मध्येच मंजूर झाली, पण ती अंमलात आणणारी अधिसूचना एकाही सरकारने काढली नाही. ती काढायला नवा कायदा लागत नाही. प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला मत मागायला आल्यावर ‘ही अधिसूचना तुम्ही काढणार का?’ हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे.