लखोटा आणि साक्षीदार : ऑस्ट्रियातील टपाली मतदान व लोकविश्वास

मतदान केंद्रावर मतदार, मतपत्रिका आणि मतपेटी ही तिन्ही एकाच छताखाली, परस्परविरोधी पक्षांच्या प्रतिनिधींच्या दृष्टीसमोर असतात. टपाली मतदानात हे एकत्व भंग पावते. मत घरी दिले जाते, परक्या हातांतून प्रवास करते आणि मतदाराच्या अनुपस्थितीत उघडले जाते. अशा पद्धतीवर लोकांचा विश्वास कोणत्या आधारावर बसतो, या प्रश्नाच्या अभ्यासास ऑस्ट्रियाचा इतिहास विशेष उपयुक्त आहे.

जर्मन भाषेत या पद्धतीस ‘ब्रीफवाल’, म्हणजे पत्राने केलेली निवड, असे म्हणतात. परंतु सामान्य पत्रात लेखकाची ओळख आवश्यक असते. या पत्रात ती लखोट्यावर हवी आणि आतील मतपत्रिकेवर मुळीच नको. हाच पेच ध्यानी घेऊन १९८५ साली ऑस्ट्रियाच्या घटना न्यायालयाने टपाली मतदान हे वैयक्तिक व गुप्त मतदानाच्या तत्त्वाशी विसंगत ठरविले. २००७ साली घटनादुरुस्ती होऊन देशांतर्गत मतदारांनाही ही सवलत मिळाली. मत आपण स्वतः, गुप्तपणे व दडपणाविना दिले, असे मतदाराने स्वाक्षरीनिशी प्रतिज्ञेवर सांगावयाचे होते. केंद्रावरील साक्षीदाराची जागा अशा रीतीने मतदाराच्या शब्दाने घेतली. उरलेली साक्ष मोजणीच्या मेजावर गेली : निवडणुकीनंतरच्या सोमवारी सकाळी नऊनंतर, जिल्हा निवडणूक मंडळाच्या सदस्यांसमक्षच लखोटे उघडावेत, असा नियम होता.

२२ मे २०१६ रोजी अध्यक्षपदाच्या निवडणुकीची दुसरी फेरी झाली. रविवारी रात्री स्वातंत्र्य पक्षाचे नोर्बर्ट होफर आघाडीवर होते. सोमवारी टपाली मते मोजल्यावर आलेक्झांडर फान डेर बेलेन ३०,८६३ मतांनी विजयी ठरले. निकाल लखोट्यांनीच फिरविल्यामुळे संशयास वाव मिळाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. जाहीर साक्षींतून असे आढळून आले की, चौदा जिल्ह्यांत लखोटे कोठे वेळेपूर्वी, तर कोठे मंडळाच्या अनुपस्थितीत वा अनधिकृत व्यक्तींकडून उघडले गेले होते. तरीही काही सदस्यांनी सर्व काही यथाविधि झाल्याच्या इतिवृत्तावर स्वाक्षऱ्या केल्या होत्या. अशा बाधित मतांची संख्या ७७,९२६ होती.

एकाही मताची अफरातफर झाल्याचा पुरावा मिळाला नाही. तथापि १ जुलै २०१६ रोजी न्यायालयाने संपूर्ण फेरी रद्द केली. नियमभंगाचा निकालावर परिणाम होणे शक्य असेल तर तेवढे पुरेसे होय. प्रत्यक्ष लबाडी सिद्ध करण्याची गरज नाही, ही भूमिका त्यामागे होती. बाधित मते इतकी एकतर्फी असणे अत्यंत असंभाव्य आहे, असा आक्षेप संख्याशास्त्रज्ञांनी घेतला. त्यात तथ्य होते. परंतु संभाव्यतेचे गणित साक्षीदाराची जागा घेऊ शकत नाही. पराभूत पक्षाच्या मतदाराला पटवावयाचे असते ते गणित नव्हे, तर लखोटा सर्वांसमक्ष उघडला गेला, ही गोष्ट.

पुढे २ ऑक्टोबरची फेरनिवडणूकही लखोट्यांचा डिंक सुटत असल्यामुळे ४ डिसेंबरपर्यंत लांबली. या दिवशी मतदानाचे प्रमाण मे महिन्यातील सुमारे ७२.७ टक्क्यांवरून ७४.२ टक्क्यांवर गेले आणि फान डेर बेलेन सुमारे ५३.८ टक्के मतांनी निवडून आले. केवळ या आकड्यांवरून विश्वास पुनःस्थापित झाला असे म्हणता येणार नाही. परंतु मतदार पाठ फिरवून गेला नाही, एवढे निश्चित.

फ्रान्सने १९७५ साली, गैरप्रकारांच्या अनुभवानंतर, टपाली मतदान रद्द करून प्रतिनिधीमार्फत मतदानाचा मार्ग पत्करला. ऑस्ट्रियाने पद्धत राखली आणि तिची शिस्त बदलली. २०२४ पासून बहुतांश टपाली मते मतदानाच्या दिवशीच मोजण्याची तरतूद झाली. टपाली मतदानावरील विश्वास मतदाराच्या वा अधिकाऱ्याच्या सचोटीवरच विसंबत नाही, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय. न पाहिलेल्या कृत्यावर ‘पाहिले’ अशी स्वाक्षरी झाली की, प्रामाणिकपणे मोजलेले मतही संशयास्पद ठरते.