मोडतोड की जीर्णोद्धार?

जुन्या गीतास नवा ताल जोडला की ‘मूळ चीज बिघडविली’ असा आक्षेप रसिक घेतात. त्यात तथ्य किती, हे शिकागो शहराच्या अर्वाचीन इतिहासावरून पाहण्याजोगे आहे.

ता. १२ जुलै १९७९ रोजी तेथील कॉमिस्की पार्क ह्या क्रीडांगणावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांमधील अवकाशात, स्टीव्ह डाल नामक रेडिओ-निवेदकाने डिस्को संगीताच्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडविली. हजारो प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना यजमान संघास गमवावा लागला. पुढे रेकॉर्ड कंपन्यांनीही डिस्कोकडे पाठ फिरविली. ते संगीत संपले, असेच बहुतेकांस वाटले.

परंतु त्याच शहरात, साउथ जेफरसन रस्त्यावरील ‘वेअरहाउस’ ह्या नृत्यगृहात ते जिवंत होते. तेथे १९७७ पासून न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स हा तरुण तबकड्या वाजवीत असे. श्रोते बहुतांशी कृष्णवर्णीय व समलिंगी. इतरत्र ज्यांचा अवमान होई, त्यांचे ते हक्काचे घर होते. नव्या डिस्को तबकड्या दुर्मिळ होताच नकल्सने जुन्या गीतांच्या फिती कापून व जोडून तालाचे भाग लांबविले. ह्या नृत्यगृहावरूनच पुढे ‘हाउस’ हे नाव रूढ झाले, असे सामान्यतः मानतात.

फिलाडेल्फियाच्या ‘फर्स्ट चॉइस’ ह्या गायिकात्रयीचे ‘लेट नो मॅन पुट असंडर’ हे गीत १९७७ सालचे. १९८३ साली ते स्वतंत्र तबकडीवर निघाले, तेव्हा नकल्सने त्याची पुनर्रचना केली. जे जोडले गेले ते मनुष्याने तोडू नये, हा ख्रिस्ती विवाहविधीतील आदेशच त्या गीताचे नाव. आणि नेमकी त्यावरच कात्री चालावी! पण ही कात्री वैऱ्याची नव्हे. मूळ मुद्रणात प्रत्येक वाद्य व कंठ निरनिराळ्या पट्टीवर असतो. पुनर्रचनाकार त्यांस सुटे करून पुन्हा गुंफतो. त्यामुळे गर्दीत दडलेला ताल मोकळा होतो आणि कंठाचा आर्त भाव उघडा पडतो. ह्याच गीतातील स्वर पुढे कितीतरी हाउस तबकड्यांत उचलले गेले.

१९९८ साली नकल्सला पुनर्रचनेसाठी ग्रॅमी पारितोषिक मिळाले. २०१४ मध्ये तो वारला. २०२३ साली शिकागोने वेअरहाउसच्या वास्तूस वारसास्थळाचा दर्जा दिला. प्रत्येक पुनर्रचना इतकी सरस असते, असे आम्ही म्हणत नाही. परंतु तबकड्या फोडणारा आणि फिती कापणारा ह्यांस एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्या गवंड्यासही आधी काही दगड काढावेच लागतात.