कळंबचा चिंतामणी : एका पुराणोक्त क्षेत्राचा स्थलनिर्णय

यवतमाळहून वर्ध्याकडे जाताना चक्रावती नदीकाठी कळंब हे तालुक्याचे गाव लागते. येथील चिंतामणीचे देवालय भूपृष्ठापासून बरेच खाली आहे. पायऱ्या उतरून गेल्यावर समोर कुंड आणि पुढे दक्षिणाभिमुख गणेशमूर्ती दिसते. चतुर्थी व माघातील उत्सव वगळता येथे गर्दी फारशी नसते.

गणेशपुराणाच्या उपासनाखंडात दोन कथा परस्परांत गुंफिल्या आहेत. अहल्याप्रकरणी गौतमाने शापिलेला इंद्र कदंबवृक्षातळी तप करून मुक्त होतो, ही एक. आणि कुष्ठग्रस्त झालेला रुक्मांगद राजा नारदाच्या सांगण्यावरून कदंबपुरीच्या गणेशकुंडात स्नान करून बरा होतो, ही दुसरी. हे कदंबपुर कोणते? कळंबकर म्हणतात, आमचे गाव. पुण्याजवळचे थेऊरही हाच मान सांगते. तेथेही चिंतामणी आहे, कदंब आहे आणि इंद्राचे सरोवरही आहे.

नामसाम्याचा पुरावा प्रथम घेऊ. 'कदंब'पासून 'कळंब' ही व्युत्पत्ती निर्दोष आहे. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात 'कलंब' हे रूप सिद्धच केलेले आहे. तथापि मराठवाड्यात कळंब आहे, आंबेगाव तालुक्यात आहे, इंदापुराकडेही आहे. जेथे कदंब वाढला तेथे कळंब झाले. एवढ्यावरून क्षेत्र ठरविणे म्हणजे वडगाव नावाच्या प्रत्येक गावात एकच वड शोधण्यासारखे होईल. खरा आधार निराळा आहे. रुक्मांगदाची कथा विदर्भात, कौंडिण्यपुरच्या राजघराण्यात घडते आणि नारद ज्या कदंबपुराचे नाव घेतो तेही विदर्भातलेच. थेऊरला हा निर्देश कसाही ओढूनताणून लागू पडत नाही. म्हणून कळंबचा पक्ष आम्हांस सबळ वाटतो.

मग कीर्ती थेऊरला का? कारण ग्रंथात नाही, इतिहासात आहे. चिंचवडच्या देव घराण्याने थेऊरचे मंदिर उभारिले, पेशव्यांनी त्यास आश्रय दिला आणि थोरले माधवराव 1772 च्या नोव्हेंबरात तेथेच निवर्तले. अष्टविनायकांची आजची मालिका या पुणे प्रांताच्या परिघातच बसते. कळंबला असा आश्रयदाता मिळाला नाही. अकबराच्या काळी ते वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. 'ऐन-इ-अकबरी'त त्यास जुने व महत्त्वाचे शहर म्हटले आहे. मात्र अबुल फजल तेथे आवर्जून नोंदवितो त्या म्हशी! पुढे देवगावच्या 1803 च्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला आणि 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. भोसल्यांच्या नागपूरशी असलेला दुवा असा तुटल्यावर या गावाचा विचार करावयास कोण होते?

कथेमुळे स्थळाचे भाग्य कसे पालटते, याचे अगदी अलीकडचे उदाहरण जपानात सापडते. सैतामा प्रांतातील वाशिनोमिया हे जुने शिंतो देवस्थान 2007 साली 'लकी स्टार' या चित्रमालिकेत 'ताकानोमिया' या नावाने दाखविले गेले. 'वाशि' म्हणजे गरुड, 'ताका' म्हणजे ससाणा. नाव एवढेच बदलले होते. प्रेक्षकांनी चित्रातील प्रवेशद्वार पाहून मूळ स्थळ ओळखले, ते तेथे जाऊ लागले आणि नवसाच्या लाकडी पाट्यांवर मालिकेतील पात्रे रेखाटू लागले. 2008 च्या नववर्षास तेथे सुमारे 3 लाख लोक आले. अशा प्रवासास जपानी भाषेत तीर्थयात्रेचाच शब्द वापरतात. आपल्या स्थलपुराणांची घडण न्याहाळण्यास हे उदाहरण उपयोगी आहे. भेद इतकाच की, जपानी प्रेक्षकापाशी ताडून पाहण्यास चित्र होते. पुराणाच्या श्रोत्यापाशी केवळ वृक्ष, कुंड आणि देशनाम एवढ्याच खुणा. त्या तर गावोगावी जुळविता येतात.

कळंबच्या पक्षी एक खूण मात्र अशी आहे की ती सहज उसनी आणता येत नाही. काही वर्षांच्या अंतराने कुंडातील पाणी आपोआप चढते, मूर्तीच्या पायांस लागते आणि मग ओसरते. भाविक यास गंगेचे आगमन मानतात. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. भेगाळलेल्या थरांतील भूजल भरपूर पावसाच्या वर्षी वर येत असावे, आणि गाभाराच खोल असल्याने ते तेथे प्रथम दिसत असावे, असा आमचा तर्क आहे. तो खरा असल्यास, कुष्ठहारक कुंडाची कथा याच पाण्याभोवती रचली गेली असणे शक्य आहे. थेऊरला नदी आहे. परंतु देवाच्या पायांपर्यंत चढणारे हे पाणी नाही.