जंगली महाराज रस्ता आणि आपले गेट

स्मरणिका समितीने मला 'सोसायटीची आर्थिक वाटचाल' या विषयावर लिहायला सांगितले होते. पंचवीसपैकी अकरा वर्षे मी खजिनदार होतो, तेव्हा मागणी रास्तच होती. पण सिंकिंग फंडाचे आकडे दरवर्षी अहवालात छापून येतात आणि दरवर्षी ते कोणी वाचत नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार! म्हणून समितीची परवानगी घेऊन विषय बदलला आहे. मी एका रस्त्याचा इतिहास सांगणार आहे. रस्ता आपला नाही, जंगली महाराज रस्ता आहे. पण तो फिरून आपल्या गेटपाशी येतो, म्हणून सभासदांनी थोडा धीर धरावा.

डेक्कनच्या खंडुजीबाबा चौकातून शिवाजीनगरकडे जाणारा हा दोन-अडीच किलोमीटरचा रस्ता. एका अंगाला मुठा नदी आणि संभाजी बाग, पुढे १९६८ साली उघडलेले बालगंधर्व रंगमंदिर, त्याच्याही पुढे पाताळेश्वराची लेणी आणि शेजारी जंगली महाराजांचे समाधी मंदिर. महाराजांनी १८९० मध्ये देह ठेवला. रस्त्याला नाव त्यांचे. मी १९७३ साली बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि पहिलीच नेमणूक डेक्कनच्या शाखेत झाली. सदाशिव पेठेतून सायकल काढायची, लकडी पूल ओलांडायचा आणि दहाच्या आत शाखेत हजर व्हायचे. त्या वेळी सायकल हेच पुण्याचे वाहन होते. साहेब लोकही सायकलवर येत, पँटला खालून क्लिप लावून.

आदल्या वर्षीचा दुष्काळ विसरता येणार नाही. त्यानंतर १९७३ चा पाऊस असा कोसळला की शहरातले रस्ते धुऊन निघाले. खड्ड्यात सायकलचे पुढचे चाक जाऊन मी स्वतः दोनदा आडवा झालो आहे, एकदा तर शाखेच्या किल्ल्या खिशात असताना. लोक वैतागले होते. महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष तेव्हा श्रीकांत शिरोळे नावाचे अगदी तरुण नगरसेवक होते. मुंबईत पुण्यापेक्षा जास्त पाऊस पडतो, मग तिथले रस्ते का टिकतात, हा त्यांचा साधा प्रश्न. त्यातून मुंबईच्या रेकॉन्डो या कंपनीचा शोध लागला. दोन पारशी बंधूंची ती कंपनी. तिला जंगली महाराज रस्ता दिला गेला आणि १ जानेवारी १९७६ पासून दहा वर्षांची लेखी हमी घेतली गेली.

काम आम्ही बघितले आहे. तोवर रस्ता करायचा म्हणजे कडेला पिंपात डांबर उकळायचे, झाऱ्याने ओतायचे, वर खडी पसरायची आणि रोलर फिरवायचा. इथे खडी आणि डांबर यंत्रात तापवून, एकजीव करून आणले जाई आणि गरम असतानाच अंथरून दाबले जाई. जेवणाच्या सुट्टीत आम्ही चार-पाच जण डबा आवरून बघायला जायचो. आमचे हेड कॅशियर म्हणायचे, "दहा वर्षं? अहो, इथं दहा महिन्यांची खात्री कोण देतं!"

दहा वर्षे झाली, वीस झाली, तीस झाली. शहरातले बाकीचे रस्ते दर पावसाळ्यात उखडले आणि हा राहिला. त्याची गोष्ट आता पुण्यात दंतकथेसारखी सांगतात. मी बँकेचा माणूस, मला त्यात हमीचे कलम महत्त्वाचे वाटते. बँक गॅरंटीवर सही करताना अधिकाऱ्याचा हात जरा थांबतो, कारण उद्या दावा आला तर उत्तर द्यायचे असते. दहा वर्षांची हमी लिहून देणारा माणूस खाली पाणी कुठे मुरेल, उतार कुठे द्यायचा, याचा विचार आधी करतो. डांबराचा खरा वैरी पाणी. त्याखालोखाल, केबलसाठी रस्ता खोदून वर माती लोटून जाणारा.

पण इतकी वर्षे ही गोष्ट सांगताना एक मुद्दा माझ्याही ध्यानात आला नव्हता. हमी होती ती डांबराची. ज्या पट्ट्यावरून गाड्या जातात, त्याची. कडेने चालणाऱ्याची हमी कोणी मागितली नाही आणि कोणी दिलीही नाही.

मधल्या काळात काय झाले ते मी टेबलाच्या अलीकडून पाहिले. सुरुवातीला स्कूटरसाठी नंबर लावावा लागे. मग मोटरसायकली आल्या. १९९१ नंतर गाड्या आल्या आणि पाठोपाठ आमच्याकडे वाहनकर्जाचे टार्गेट आले. बंगल्यांच्या जागी दुकाने, हॉटेले, शोरूम उभी राहिली. मी कर्जविभागात असताना किती वाहने तारण म्हणून लिहून घेतली, त्याची मोजदाद नाही. अर्जात पगार विचारायचो, जामीनदार विचारायचो, मार्जिन विचारायचो. गाडी उभी कुठे करणार, असा रकानाच नव्हता! ती उभी राहिली दुकानासमोर, आधी सरळ, मग तिरकी, मग फूटपाथवर. संध्याकाळी बालगंधर्वचे नाटक सुटले की म्हातारी माणसे धोतर सावरत, गाड्यांच्या मधून वाट काढत, थेट वाहत्या रस्त्यावर उतरून चालत. पुण्यातला सर्वांत गुळगुळीत रस्ता, आणि त्याच्या कडेने चालायची सोय नाही.

हे बदलायला २०१६ साल उजाडले. त्या वर्षी महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केले, रस्त्यांच्या आराखड्यासाठी मार्गदर्शक सूत्रे आणली, आणि जंगली महाराज रस्ता नव्याने आखायला घेतला. त्यामागचा विचार मला निवृत्तीनंतर समजला, तोही एका व्याख्यानात. रस्ता म्हणजे दोन फूटपाथांमधले डांबर नव्हे, एका इमारतीच्या भिंतीपासून समोरच्या इमारतीच्या भिंतीपर्यंत जे आहे ते सगळे. आपण आधी गाड्यांना जागा देतो आणि उरलेली चालणाऱ्याला. नव्या आखणीत वाहनांचा पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा ठेवायचा असतो. मध्येच तो रुंद करून उपयोग नसतो, कारण पुढे अरुंद जागा आली की तिथेच गाड्या तुंबतात. मधल्या रुंद भागात नुसते पार्किंग होते. हे म्हणजे नरसाळ्यासारखे आहे, वर कितीही मोठे केले तरी खालची नळी तेवढीच. वाचलेली जागा फूटपाथला द्यायची. झाडे न तोडता फूटपाथच्या आत घ्यायची. गाड्या आडव्या लावण्याऐवजी रस्त्याला समांतर, ठरलेल्या खाचेत लावायच्या.

इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांचे दंडक ठरवणारी संस्था. तिच्या २०१२ च्या दंडकात चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी पट्टी सांगितली आहे. म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोरून जातील एवढी. बाजारपेठेत त्याहून जास्त. फूटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको, म्हणजे वीतभरही नाही. आपल्याकडे काही फूटपाथ इतके उंच असतात की त्यावर चढण्यापेक्षा रस्त्याने गेलेले बरे, आणि तसेच होते.

काम सुरू झाले तेव्हा कुरकुर भरपूर झाली. पार्किंग कमी होणार, धंदा बसणार, वाहतूक कोंडणार. झाले त्यातले सगळेच चांगले झाले असे मी म्हणणार नाही. सायकलच्या पट्ट्यावर लोक गप्पा मारत उभे असतात, रुंद फूटपाथ दिसला की काही महाभाग त्यावर दुचाकी चढवतात. फरशा काही ठिकाणी हलतात, त्याला १९७६ सारखे हमीचे कलम हवे होते असे मला वाटते. पण बसायला बाक आहेत, लहान मुलांना खेळायला जागा आहे, आणि झाडाखालून दोघे जण शेजारी-शेजारी बोलत चालू शकतात. ही शेवटची गोष्ट किती मोठी आहे, ते मला उशिरा कळले.

आता आपल्या गेटपाशी येतो.

२०१८ साली आपल्या रस्त्याच्या मापासाठी दोन तरुण मंडळी नकाशा घेऊन आली होती, जुन्या सभासदांना आठवत असेल. हॉलमध्ये बैठक झाली. आपल्या बाजूला अडीच मीटरचा सलग फूटपाथ, दुकानांपुढचे तिरके पार्किंग काढून समांतर, आणि इमारतींचे रॅम्प हद्दीच्या आत, असा तो आराखडा होता. ती मुलगी फार नीट समजावून सांगत होती. आपण तिला बोलू दिले नाही. तळमजल्याच्या दुकानदारांना गिऱ्हाइकाची काळजी, आपल्याला पाहुण्यांच्या गाड्यांची. शिवाय आपला रॅम्प. गाड्यांचा तळ घासतो म्हणून २००४ साली आपण तो वाढवून घेतला, तो फूटपाथवर पुढे आला आहे. त्याचे बिल मीच पास केले. सोसायटीतर्फे हरकतीचे पत्र गेले. मसुदा माझा, खाली खजिनदार म्हणून सहीही माझी. 'सदर फूटपाथचा वापर करणाऱ्यांची संख्या नगण्य आहे' हे वाक्य मी लिहिले आणि मला ते चांगले जमले असे तेव्हा वाटले होते. पुढे आपल्या रस्त्याचे काम झाले नाही. इतरही कारणे असतील, पण आपले पत्र त्यात होते.

२०२२ मध्ये सौ.च्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी सांगितले, रोज सपाट जागेवर अर्धा तास चाला. पहिल्या दिवशी आम्ही गेटबाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत दोनशे पावले असतील. तेवढ्यात अकरा वेळा चढ-उतार करावी लागली. मी मोजले, सवय आहे. पहिला अडथळा आपला रॅम्प. पाचव्या ठिकाणी ती थांबली आणि म्हणाली, "अहो, परत जाऊ या."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही रिक्षा करून चालायला जाऊ लागलो. हसू नका. रिक्षाने संभाजी बागेशी उतरायचे, जंगली महाराज रस्त्याच्या फूटपाथवरून मॉडर्न हायस्कूलच्या बाजूला हळूहळू जायचे, बाकावर बसायचे, परत यायचे. चार महिने हे चालले. १९७६ साली ज्या रस्त्याचे डांबर मी कौतुकाने पाहिले होते, त्याच्या कडेला सौ. परत चालायला शिकली. रिक्षाभाड्याचा हिशेब मी ठेवला आहे. तो इथे देत नाही. पण रॅम्प मागे घ्यायला गवंड्याने गेल्या महिन्यात सांगितलेली रक्कम त्याहून कमी आहे, एवढे सांगतो.

रॅम्पचे माप मी वॉचमनला बरोबर घेऊन घेतले: फूटपाथवर तीन फूट नऊ इंच. तो आत घेतला तर पार्किंगची एक जागा जाते. ती माझीच आहे, क्रमांक ७. गाडी मी गेल्या दिवाळीत विकली, तेव्हा ती सोडायला माझी हरकत नाही. आपल्या पुढच्या इमारतीचे सेक्रेटरी माझे जुने ग्राहक. तुम्ही काढलात तर आम्हीही विचार करू, असे ते म्हणाले आहेत. 'विचार करू'चा अर्थ कर्ज मागणाऱ्यांकडून मी बत्तीस वर्षे ऐकला आहे, तरीही.

२०१८ चे ते पत्र आवक-जावक फायलीत आहे. ते मागे घेत असल्याचे आणि आराखडा पुन्हा हाती घ्यावा अशी विनंती करणारे नवे पत्र मी लिहून चेअरमनसाहेबांकडे दिले आहे. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय नववा आहे. नवव्या विषयापर्यंत आपल्या सभेत सहसा कोरम उरत नाही, म्हणून कृपया चहा झाल्यावर निघून जाऊ नये.